वीतभर मातीवर उभे जंगल

एप्रिलमध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या रस्त्याने चालत निघाले की आधी साग दिसत राहतो. पाने झडलेली, खाली मोठमोठ्या वाळक्या पानांचा थर, पाऊल पडले की चुरचुर. उतार थोडा चढा झाला की कातळात मुळे रोवून उभा असलेला कांडोळ दिसतो. अंगावर एक पान नाही, खोड मात्र पांढरेफटक. रस्ता ओढ्यापाशी आला की अचानक गारवा जाणवतो. करंज, उंबर, जांभूळ सगळे हिरवेगार. आणि कान्हेरीच्या माथ्यावर पोहोचावे तर तिथे यांपैकी कोणीच नाही. उघडा काळा खडक, वाळलेले गवत आणि खडकाच्या फटींत करवंदाच्या जाळ्या.

या चारही जागा एकमेकींपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. पाऊस चौघींवर सारखाच पडतो, ऊनही तेच. मग एका जागी साग, दुसरीकडे कांडोळ, तिसरीकडे जांभूळ आणि चौथीकडे झाडच नाही, असे का?

याला लागूनच दुसरे कोडे आहे. मुंबईच्या उपनगरांत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. ऑगस्टमध्ये येऊरचे किंवा आरेचे रान पाहिले की वाटते, इतके माजणारे जंगल ज्या जमिनीवर उभे आहे ती भलतीच सुपीक असणार. पण याच उतारावरची झाडे तोडून नाचणी किंवा वरी पेरली, तर दोन-तीन वर्षांत पीक हटते आणि जमीन पडीक टाकावी लागते. जंगलाला पुरणारी जमीन शेताला का पुरत नाही?

दोन्ही कोड्यांची उकल मातीत आहे. ती किती खोल आहे, कशाची बनली आहे आणि तिच्यात कोण राहते, या तीन गोष्टी समजल्या की जंगलाचा बराचसा नकाशा आपोआप उलगडतो. जमिनीचा कोणता वापर टिकेल आणि कोणता टिकणार नाही, हेही त्यावरूनच कळते.

खडकाची माती होते कशी

मुंबईचा पाया ज्वालामुखीचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. अंधेरीची गिल्बर्ट हिल हा त्याच काळाचा अवशेष. गावदेवीचे मंदिर माथ्यावर घेऊन उभा असलेला हा सुमारे 200 फूट उंचीचा उभ्या खांबांचा कडा म्हणजे थंड होताना तडकलेला बेसॉल्ट. पण उपनगरांतला सगळाच खडक बेसॉल्ट नाही. मालाडचा पिवळसर दगड वेगळ्या जातीचा आहे. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत तो वापरला आहे. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्या ज्वालामुखीतून उडालेले तुकडे आणि राख घट्ट होऊन बनलेल्या खडकात कोरल्या आहेत. बेसॉल्टमध्ये चुना, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असते, मालाडच्या दगडात चुना आणि मॅग्नेशियम कमी. खडकात जे नाही ते मातीत फारसे येत नाही, म्हणून हा फरक पुढे झाडांपर्यंत पोहोचतो.

खडकाची माती करण्याचे काम मुख्यतः पाणी करते. पावसाचे पाणी हवेतला आणि मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड विरघळवून किंचित आम्ल होते. ते खडकाच्या भेगांत शिरते आणि खनिजे हळूहळू फोडते. काही घटक विरघळून वाहून जातात, उरलेल्यांपासून चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण बनतात. मुळे भेगा रुंद करतात, दगडफूल उघड्या खडकावर आम्ल सोडत बसते. एक सेंटिमीटर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात.

येऊरच्या किंवा घोडबंदरच्या बाजूला रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, तिथे ही सगळी प्रक्रिया वरपासून खालपर्यंत उघडी दिसते. सर्वांत वर बोटभर जाडीचा पाचोळा. त्याखाली काळपट तपकिरी, भुसभुशीत थर, त्यात केसांसारखी बारीक मुळे दाटलेली. तो कित्येकदा वीतभरही नसतो. मग तांबूस, घट्ट माती, तिच्यात बोटांनी चुरडता येणारे दगडाचे तुकडे. त्याखाली मुरूम. मुरमात मधूनच गोल धोंडे अडकलेले दिसतात. त्यांच्या बाहेरचे पापुद्रे सुटून माती झालेले, आतला गाभा मात्र अजून काळा, टणक आणि ताजा. सर्वांत खाली अखंड कातळ. डोंगराच्या माथ्यावर हे सगळे थर मिळून काही इंच भरतात, पायथ्याला काही फूट, कारण वर तयार झालेली माती पावसागणिक खाली सरकत राहते.

जोरदार पावसाची किंमत

चहाची तीच पूड पुन्हा पुन्हा उकळत राहिले तर रंग आणि कडूपणा पहिल्या दोन उकळ्यांतच उतरतो, मग उरतो तो चोथा. कोकणातल्या मातीचे पाऊस हेच करतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश हे पाण्यात सहज विरघळणारे घटक आधी निघून जातात, मग सिलिकाही जाते. शेवटी उरतात लोह आणि ॲल्युमिनियम. माथेरानच्या आणि कासच्या पठारांवरचा तांबडा जांभा ही या प्रवासाची शेवटची पायरी. मुंबईच्या डोंगरांवरची माती अजून तिथवर पोहोचलेली नाही, पण वाट तीच आहे. घाटापलीकडे, कमी पावसाच्या मुलखात, हाच बेसॉल्ट झिजून काळी, चुना धरून ठेवणारी माती झाली. खडक एकच, पाऊस वेगळा, म्हणून माती वेगळी.

धुतलेल्या मातीत आणखी एक अडचण असते. झाडाला मुळांसाठी, फुलाफळांसाठी स्फुरद लागते आणि लोह-ॲल्युमिनियम हे स्फुरदाला घट्ट पकडून ठेवतात. मातीच्या तपासणीत स्फुरद दिसते, पण मुळांच्या हाती लागत नाही.

मग एवढे मोठे जंगल पोसले जाते कशावर? स्वतःवरच. उष्ण प्रदेशातल्या जंगलात अन्नद्रव्यांचा मोठा वाटा खोलवरच्या मातीत नसून लाकडात, पानांत, मुळांत आणि जमिनीवरच्या पाचोळ्यात असतो. पान गळते, कुजते, मुळे त्यातले अन्न वरच्या वर उचलतात आणि पुढच्या पानात भरतात. हे चक्र इतके वेगाने फिरते की पावसाला धुवून न्यायला फारसे उरत नाही. झाडे तोडून लाकूड बाहेर नेले आणि पाचोळा जळाला की साठ्यासकट चक्रच जाते. पहिल्या वर्षी राखेमुळे पीक जोरात येते, नंतर हटते. दुसऱ्या कोड्याचे उत्तर हे.

पाचोळ्याखाली कोण असते

जूनच्या सरी पडून पाच-सहा दिवस झाले की उद्यानातल्या एखाद्या झाडाखाली वाकून वाळक्या पानांचा थर हलकेच उचलून पाहावा. वरची पाने कोरडी, पूर्ण. त्याखालची ओली, काळवंडलेली, काहींची नुसती शिरांची जाळी उरलेली. त्याखाली पाने एकमेकांना पांढऱ्या धाग्यांनी शिवल्यासारखी चिकटलेली असतात. ते धागे बुरशीचे. लाकडातले चिवट घटक फोडण्याचे काम प्रामुख्याने तीच करते. पैसा नावाचा लाल-तपकिरी किडा वेटोळे करून पडलेला असतो, तो पाने कुरतडून त्यांचे तुकडे करतो. तुकडे झाले की बुरशी आणि जिवाणूंना शिरायला जागा मिळते.

काही बुरशी जिवंत मुळांशी जोडलेल्या असतात. मुळांपेक्षा कितीतरी बारीक असे त्यांचे धागे मातीच्या अशा फटींत पोहोचतात जिथे मूळ शिरू शकत नाही. तिथले स्फुरद आणि पाणी आणून देतात, बदल्यात झाड त्यांना साखर देते. लोहाने पकडलेले स्फुरद झाडाला मिळते ते बरेचसे यांच्यामुळे. खैर, करंज, पळस, शिरीष या शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पकडतात. म्हणून उघड्या, कसहीन उतारावर खैर आधी येतो आणि मागून येणाऱ्यांसाठी नत्र साठवतो.

वाळवीचा तर स्वतंत्र लेख व्हावा. ती खालच्या थरातली चिकणमाती कण-कण वर आणून वारूळ रचते, त्यामुळे वारुळाची माती आसपासच्या मातीपेक्षा बहुधा कसदार असते. तिच्या बिळांतून पाणी खोल मुरते. वाळवीच्या काही जाती वारुळाच्या पोटात बुरशीची बाग राखतात आणि पावसाळ्यात त्याच बुरशीच्या छत्र्या जमिनीवर येतात. पाड्यांवरच्या बाया पानात बांधून विकायला आणतात ती रानअळंबी यातलीच.

विंचू, बिळात दार लावून राहणारे कोळी, डोळ्यांनाही न दिसणारे माइट, हे सगळे याच काही इंचांत राहतात. 2010 साली आरेतून विंचवाच्या एका नव्या जातीचे वर्णन झाले आणि तिला आरेचेच नाव मिळाले. शहराच्या मधोमध, लाखो लोक रोज ये-जा करतात तिथल्या मातीत विज्ञानाला माहीत नसलेला प्राणी होता. जैवविविधता म्हटले की आपण बिबट्याकडे पाहतो. तिचा फार मोठा भाग पायाखाली आहे.

खोलीचा हिशेब

आता पहिल्या कोड्याकडे. मध्यम पोताची चांगली माती दर मीटर खोलीमागे साधारण 150 मिलिमीटर पाणी झाडाला देऊ शकते. वीतभर, म्हणजे 20 सेंटिमीटर, मातीत हा साठा 30 मिलिमीटर भरतो. पाने असलेले जंगल दिवसाला 3-4 मिलिमीटर पाणी उडवते. म्हणजे पाऊस थांबल्यावर वीतभर माती आठ-दहा दिवसांत रिकामी. दीड मीटर खोल मातीचा साठा दोन महिने पुरतो आणि तिच्याखालचा झिजलेला, भेगाळलेला खडकही पाणी धरून असतो. मुंबईत पाऊस ऑक्टोबरच्या आरंभी संपतो आणि जूनपर्यंत येत नाही. आठ महिने कसे काढायचे, हा इथल्या प्रत्येक वनस्पतीपुढचा प्रश्न. पाऊस दोन हजार मिलिमीटर पडला काय किंवा तीन हजार, वीतभर माती तेवढेच पाणी धरते. बाकीचे समुद्रात जाते.

या प्रश्नाला प्रत्येकाने आपापले उत्तर शोधले आहे. साग पाने गाळतो. त्याला चुना असलेली, पाण्याचा निचरा होणारी माती हवी. मुळाशी पाणी तुंबलेले त्याला सोसत नाही. ऐन जड, चिकण, ओल धरणाऱ्या जमिनीतही तगतो. कळंब पाणथळ सखल भागात सुखी असतो. कांडोळाचे खोड आणि मुळे पाणी साठवतात आणि त्याला मातीपेक्षा खडकाची भेग पुरते. ओढ्याकाठी डोंगरावरून सरकून आलेली माती खोल असते आणि तिच्यात उन्हाळ्यातही ओल असते, म्हणून जांभूळ आणि करंज पाने ठेवून उभे राहू शकतात.

तीव्र उतारावर, जिथे माती टिकतच नाही, तिथे कारवी असते. मोठे झाड उभे राहू शकत नाही अशा जागी तिची दाट मुळे उरलीसुरली माती बांधून ठेवतात. सात-आठ वर्षांतून एकदा ती एकदम फुलते. राष्ट्रीय उद्यानात 2016 साली तिचा मोठा बहर आला होता. पूर्वी पाड्यांवरच्या घरांचे कूड तिच्याच काठ्यांचे असत.

सर्वांत पातळ मातीवरचे उत्तर मला सर्वांत आवडते. तिथे वनस्पती आठ महिने जमिनीवर राहतच नाहीत. शेवळे, फोडशी, मुसळी यांचा कंद किंवा जाड मुळे खाली झोपलेली असतात. पहिल्या सरींबरोबर कोंब वर येतो, माती ओली आहे तोवर पाने फुले उरकतात आणि पुन्हा खाली. जूनमध्ये शेवळ्याच्या जुड्या बाजारात दिसतात आणि काही आठवड्यांत नाहीशा होतात, ते यामुळे. औषधी म्हणून देशभर शेती होणाऱ्या सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम आहे. सांतापाऊ आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला हे नाव दिले ते आपल्या बोरिवलीवरून.

चौकट : माती पाहून झाड ओळखा

उघडा कातळ, फटींत मूठभर माती : कांडोळ, करवंद, गवते, पावसाळी कंदवनस्पती
तीव्र उतार, काही इंच माती : कारवी, खैर
मध्यम उतार, मुरूम आणि हात-दोन हात निचऱ्याची माती : साग, बोंडारा, बिवळा
पायथा, जड ओलसर माती : ऐन, कळंब
ओढ्याकाठ, खोल गाळाची माती : करंज, उंबर, जांभूळ
खाडीकाठ, खारा चिखल : तिवर आणि इतर खारफुटी

एकाच मातीत इतक्या जाती कशा

मातीने जागा वाटून दिल्या, हे जगात इतरत्रही दिसले आहे. पनामा, कोलंबिया आणि इक्वाडोर या देशांतल्या तीन जंगलांत प्रत्येक झाड नोंदवून मातीचे नकाशे त्याच्याशी ताडून पाहिले गेले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एक तृतीयांशाहून अधिक, काही ठिकाणी निम्म्या जातींचा पसारा मातीतल्या अन्नद्रव्यांशी जुळला.

पण माती नेमकी निवड कशी करते? पेरूच्या ॲमेझॉन जंगलात पांढऱ्या वाळूची कसहीन जमीन आणि चिकणमातीची सुपीक जमीन लागून लागून आहेत आणि दोन्हींवरची झाडे निरनिराळी. संशोधकांनी दोन्हीकडच्या रोपांची अदलाबदल केली. काही रोपे जाळीत ठेवली, काही उघडी. 2004 साली जाहीर झालेला निष्कर्ष असा होता. जाळीत, म्हणजे किड्यांपासून सुरक्षित असताना, चिकणमातीतल्या जाती वाळूतही तिथल्या मूळ जातींपेक्षा जोमाने वाढल्या. उघड्यावर मात्र किड्यांनी त्यांचा फडशा पाडला. कसहीन मातीत खाल्लेले पान पुन्हा बनवायला अन्न नसते. तिथे तोच टिकतो जो सावकाश वाढतो आणि पानांत चिवट, कडवट रसायने भरून ठेवतो. थोडक्यात, मातीने झाडांना थेट मारले नाही. कोणते झाड किती संरक्षण बाळगून जगेल याची अट तिने घातली आणि निवड किड्यांनी केली.

तिसरे कारण मातीतल्या रोगजंतूंचे. मोठ्या झाडाखाली त्याच्याच जातीवर जगणाऱ्या बुरशी आणि किडी जमा झालेल्या असतात. म्हणून आईच्या सावलीत पडलेले बी क्वचितच वाढते, परक्या जातीचे बी मात्र तिथे तरते. डॅनियल जॅन्झेन आणि जोसेफ कॉनेल या दोघांनी 1970-71 च्या सुमारास स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. एका जातीला सगळे रान व्यापता येत नाही, याचे श्रेय पुष्कळसे मातीतल्या या अदृश्य जिवांना जाते. एकाच जातीच्या लागवडीत रोग का पसरतो, तेही यावरून लक्षात येईल.

दोन शेजारी तलाव

जमिनीचा वापर मातीला धरून केला तर काय होते आणि सोडून केला तर काय, हे पाहायला मुंबईकरांना दूर जायला नको. विहार तलाव 1860 साली पुरा झाला, तुळशी 1879 साली. दोन्ही आज राष्ट्रीय उद्यानाच्या रानात आहेत. विहारची क्षमता 2769.8 कोटी लिटर, तुळशीची 804.6 कोटी लिटर, आणि दोन्ही आजही शहराला पिण्याचे पाणी देतात. विहारला जवळपास चिकटून असलेला पवई तलाव 1890 च्या सुमारास बांधला गेला. त्याचे पाणी पिण्यायोग्य राहिलेले नाही, ते कारखान्यांना आणि आरे दूध वसाहतीला इतर कामांसाठी दिले जाते.

तिन्ही तलावांवर सारखाच पाऊस पडतो. फरक आहे तो पाणलोट क्षेत्रात. विहार-तुळशीच्या उतारांवर जंगल राहिले. पावसाचा थेंब आधी पानावर, मग पाचोळ्यावर पडतो. त्याचा मार तिथेच संपतो आणि पाणी वाळवीच्या, गांडुळांच्या बिळांतून मुरते. पवईच्या उतारांवर दगडखाणी झाल्या, रस्ते आणि इमारती झाल्या. उघड्या मातीवर आदळणारा थेंब कण सुटे करतो, ते वरच्या छिद्रांत बसून जमीन बंद करतात, पाणी मुरण्याऐवजी धावते आणि माती घेऊन तलावात उतरते. वर्षानुवर्षांचा गाळ आणि सांडपाणी यांनी तलाव उथळ केला, जलपर्णी माजली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. वीतभर मातीचे कोणतेही जंगल तेवढे पाणी जिरवू शकत नाही. जंगल सगळे पूर थांबवील असे म्हणणे चूक आहे. पण पाणी भरताना डोंगर जागेवर राहील की खाली येईल, हे माती आणि मुळे ठरवतात. चिंब भिजलेली माती जड होते, तिच्याखालच्या कातळावरून पाणी वाहू लागते आणि मातीची पकड सुटते. वर मुळे नसतील आणि पायथा घरांसाठी कापलेला असेल तर उतार घसरतो. जुलै 2000 मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात, 2005 च्या त्याच दिवशी साकीनाक्याला, जुलै 2021 मध्ये चेंबूर आणि विक्रोळीत दरडींनी माणसांसकट घरे गाडली. त्या उतारांवर राहणारी कुटुंबे तिथे हौसेने गेली नव्हती. शहराने त्यांना सपाट जमीन परवडू दिली नाही. अशा उतारांवरच्या वस्त्यांचे पुनर्वसन हा मातीचाही प्रश्न आहे आणि तो पावसाळा संपला की विसरण्याजोगा नाही.

राब : मातीची जुनी जाण

साष्टीच्या आणि ठाण्याच्या वारली, मल्हार कोळी, कोकणा शेतकऱ्यांना मातीचे हे गणित पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सपाट, चिकण जमिनीला बांध घालून भाताची खाचरे. उताराच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, तीही दोन-चार वर्षे, मग पडीक. बांधावर आणि मागे रान.

भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. एप्रिल-मेमध्ये छोट्या तुकड्यावर शेण, ऐनाचा वगैरे टहाळ, पाचोळा, गवत यांचे थर रचून वरून थोडी माती पसरतात आणि वाऱ्याविरुद्ध सरकेल असा जाळ लावतात. आग हळूहळू जळते. तणांचे बी मरते, राखेतून पालाश, चुना आणि स्फुरद मिळते, आम्ल मातीचा सामू वाढतो, तापलेल्या मातीतला नत्र रोपांना लगेच घेता येतो. रानाने झाडांत साठवलेले अन्न थोडेसे उचलून शेताच्या एका कोपऱ्यात ओतायचे, अशी ही व्यवस्था. टहाळ तोडलेला ऐन पुन्हा फुटतो.

या टहाळ तोडण्याच्या आणि जंगलाच्या इतर हक्कांवरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत रयत आणि वन खाते यांच्यात इतका तंटा झाला की 1885 साली मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. राबामुळे रान उजाड होते, हा वन खात्याचा आक्षेप होता. माझ्या मते, शेताच्या मानाने रान मोठे असेल आणि झाडाला फुटायला वेळ मिळत असेल तोवर ही पद्धत टिकते. रान आकसले आणि तेच झाड दरवर्षी ओरबाडले जाऊ लागले की टिकत नाही. पाड्याभोवतीचे रान कोणी आकसवले, हेही मग विचारावे लागते.

झाड कुठे लावावे, कुठे लावू नये

जूनमध्ये उपनगरांतल्या डोंगरांवर वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात. हेतू चांगला, पण खड्डा खणताना पहार सहा इंचांवर दगडाला लागली तरी तिथे रोप लावले जाते. ते पुढच्या मार्चपर्यंत वाळते. अशा जमिनीवर लवकर हिरवे दिसावे म्हणून पूर्वी गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. दोन्ही कसहीन मातीत वाढतात, पण त्यांच्याखाली स्थानिक रोपे आणि कीटक फार कमी दिसतात. सागाचीच दाट लागवड केली तर मोठ्या पानांवरून पाण्याचे जाड थेंब खाली पडतात, झुडपे आणि पाचोळा नसेल तर ते माती उचकटतात. खडकाळ माळावर तर झाड लावूच नये. तिथले गवत, कंद आणि कातळावरची फुले हेच तिथले पूर्ण जंगल आहे.

विकासकामासाठी उपटून दुसरीकडे लावलेले मोठे झाड बहुधा का जगत नाही, तेही आता कळेल. त्याची खोडाजवळची जाड मुळे येतात. पाणी पिणारी बारीक मुळे, बुरशीचे धागे आणि खडकाच्या भेगेत वर्षानुवर्षे शिरलेले मूळ मागेच राहतात. नव्या जागेची माती वेगळी असेल तर ते झाड पुन्हा कधीच रुजत नाही. कागदावर झाडांची संख्या सारखी राहते, जंगल राहत नाही. 2020 साली आरेतली सुमारे 800 एकर जमीन वनासाठी राखण्याचा निर्णय झाला, तो म्हणूनच मोलाचा. त्यात झाडांसोबत त्यांची मातीही जागेवर राहते.

गोराई-चारकोपच्या खाडीकाठी आणखी वेगळा धोका आहे. खारफुटीखालच्या काळ्या चिखलात गंधकाची संयुगे असतात. पाण्याखाली ती निरुपद्रवी असतात, पण चिखल उपसून हवेत टाकला की त्यांचे सल्फ्युरिक आम्ल होते आणि त्या जमिनीत काही उगवणे कठीण होते.

आणि वणवे. डिसेंबर 2018 मध्ये दिंडोशीजवळच्या डोंगराला लागलेली आग अनेकांनी खिडकीतून पाहिली. अशा आगीत मोठी झाडे कित्येकदा वाचतात, जळतो तो पाचोळा, म्हणजे जंगलाचे अन्न. पुढच्या जूनचा पहिला पाऊस मग थेट मातीवर पडतो.

तुमच्या सोसायटीत यंदा झाड लावायचे असेल तर आधी मेमध्ये दोन फूट खोल खड्डा खणा. दगड किती खोलीवर लागतो ते पाहा, मग त्यात बादलीभर पाणी ओता. तासाभरात मुरले तर बिवळा किंवा जांभूळ आणा, दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले तर कळंब किंवा करंज. दगड फुटभरावरच लागला तर मोठ्या झाडाचा आग्रह सोडा आणि आपटा किंवा करवंद लावा. बुंध्याभोवतीची किमान एक मीटर जागा काँक्रीटशिवाय मोकळी ठेवा. गळलेला पाला जाळू नका, गोणीत भरून कचरागाडीतही टाकू नका. तो त्याच झाडाच्या बुडाशी पसरू द्या.